थोरलीचे गाल

आमच्या घरात दोन सुना. थोरली घोडी आहे, धाकटी मी.

ही वाटणी माझी नाही, सासऱ्यांची. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांनी एक तांबूस शिंगरू घरी आणलं होतं. मी नवी नवरी म्हणून आले, तर मला वर घरात नेण्याआधी ते मागच्या अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, "ही थोरली. हिचा मान आधी." समोर लांब तोंडाची जाऊ, तोंडात गवताची काडी. मी मान दिला. अजून देतेय.

आमची पिठाची गिरणी आहे. खाली गिरणी, वर घर, मागे अंगण आणि अंगणात थोरलीची पागा. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की टेम्पो आत शिरत नाही, त्यामुळे बेकरीत आणि दुकानांत पिठाची पोती पोचवायचं काम थोरलीच्या गाडीकडे. गिरणी नवरा चालवतो, मी वजन आणि गिऱ्हाईक बघते. सासरे म्हणजे बाबा, त्यांच्याकडे थोरली. म्हणजे ते तिच्याकडे असतात असं म्हणणं जास्त खरं.

गिरणी म्हटली की कोंडा आलाच. पूर्वी सगळा कोंडा गल्लीच्या टोकाचा गोठेवाला उचलायचा. तो गोठा मोडून मुलाकडे राहायला गेला आणि आमच्याकडे पोती साचायला लागली. मला त्यात उंदीर दिसत होते, बाबांना थोरलीचं भाग्य दिसलं. सकाळी ओलवलेला कोंडा, दुपारी कोरडा कोंडा, संध्याकाळी कोमट पाण्यात कालवलेला कोंडा. गवताकडे ती ढुंकून बघेना.

"घरचं खाणं अंगी लागतं," बाबा म्हणायचे.

आणि खरंच लागलं. काही महिन्यांत थोरलीचं तोंड भरलं. डोळ्यांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना गोल गोल गाल आले. बेकरीवाली काकू म्हणाली, "अगं बाई, माहेरपण करून आल्यासारखी दिसतेय ही!" शिंपीकाका पिठाचा डबा काखेत धरून म्हणाले, "बाबा, धाकटीलाही घाला की थोडा कोंडा." सगळे हसले, मीही हसले. माझे गाल बसलेत हे मला आरशाने आधीच सांगितलं होतं.

मग थोरली लंगडायला लागली. एका दिवशी पुढचा उजवा पाय, दोन दिवसांनी मागचा डावा. बाबांनी चारी खूर उचलून, साफ करून बघितले. खडा नाही, खिळा नाही. "नखरे आहेत," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता. गवत चावता चावता अर्धवट चघळलेले गोळे तिच्या तोंडातून खाली पडायचे. पुढच्या पायांच्या सांध्यांवर कातडी सोलवटली होती, जशी पोरांची पडून सोलवटते. ती कधी पडली, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटी नवऱ्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वय कमी, उंची त्याहून कमी. बादली उपडी घालून तिच्यावर चढल्या आणि थोरलीच्या तोंडात हात घातला. एकेक दाढ हलवून बघितली. मग खाली उतरून विचारलं, "बाबा, हिला खायला काय घालता?"

"कशाची कमी नाही. घरचा ताजा कोंडा."

"किती?"

"मागेल तितका," बाबा छाती काढून म्हणाले.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. त्यांनी दोन बोटांनी थोरलीच्या डोळ्याखाली टकटक केलं, आपण कलिंगड वाजवून बघतो तसं. ठप, ठप.

"घोड्याच्या चेहऱ्याची हाडं आतून पोकळ असतात, त्यात हवा असते. तिथे वाजवलं की खोलीच्या दारावर वाजवल्यासारखं वाजायला हवं. हे भिंतीसारखं वाजतंय."

"म्हणजे भरलीय ना चांगली!"

"बाबा, हे गाल नाहीत. हे हाड सुजलंय."

बाबा तिच्या नाकाच्या बाजूवर हात ठेवून उभे होते. तो हात त्यांनी काढला नाही, पण तो एकदम अवघडल्यासारखा झाला.

डॉक्टरीणबाईंनी मग बादलीवर बसून समजावलं. रक्ताला चुना, म्हणजे कॅल्शियम लागतं, त्या म्हणाल्या. हृदयाचा ठोका पडायला, पाय उचलायला, कान टवकारायलासुद्धा. क्षणभरही तो कमी पडून चालत नाही. कोंड्यात चुना जवळजवळ नाहीच, वर कोंड्यात असं काही असतं की दुसरीकडून आलेला चुनाही ते अंगाला लागू देत नाही. "मग रक्त काय करतं? हाडाकडे मागतं. आणि हाड देतं."

"किती देतं?" मी विचारलं.

"मागेल तितकं."

थोरलीने शेपटीने एक माशी हाकलली.

"सगळ्यात आधी चेहऱ्यातून आणि जबड्यातून," त्या म्हणाल्या. "जिथला चुना गेला तिथे नुसते तंतू भरतात, म्हणून फुगवटा दिसतो. मग पायांची पाळी. कोंडा आजपासून बंद. लसूणघास, साधं गवत आणि मी देते ती चुनखडीची पूड. गाडी नाही, धावणं नाही. हाड परत भरतं, पण वर्षभर लागेल."

"भरेल ना?" नवरा म्हणाला.

त्यांनी वाकून थोरलीच्या सोलवटलेल्या सांध्यावर बोट ठेवलं. "ही जखम कशाची आहे, कळलं का? घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. रोज थोडा वेळ तरी. ही कितीतरी दिवसांत आडवी झालेली नाही. बसले तर उठता येणार नाही, असं तिला वाटतंय. मग उभ्याउभ्या झोप अनावर होते, पुढचे पाय मुडपतात आणि ती सांध्यांवर आदळते. अशात एखादं हाड मोडलं तर..." त्या सरळ उभ्या राहिल्या. "घोड्याला तीन पायांवर जगवता येत नाही. मला तिला झोपेचं शेवटचं इंजेक्शन द्यावं लागेल."

म्हणजे अशी गंमत होती. उभी राहिली तर झोपेत कोसळायची भीती, बसली तर उठायची खात्री नाही. आणि आम्ही हे तिचं माहेरपण समजत होतो.

डॉक्टरीणबाई गेल्यावर बाबांचा आवाज फुटला. "माझा आजा गिरणीवाला, बाप गिरणीवाला. आमच्या घरात कोंडा वाईट? कालची पोर, बादलीवर चढल्याशिवाय घोडा दिसत नाही तिला!"

"पण दाढा हलतायत बाबा," नवरा म्हणाला.

"वय झालं. माझ्याही हलतात."

कोंड्याची पोती आम्ही गिरणीत कुलुपात ठेवली. दोन दिवसांनी बघते तर बाबांच्या कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले आणि थोरली त्यांच्या मागे मागे, नाक खिशाला लावून.

"बाबा, खिशात काय आहे?"

"तंबाखू."

"थोरली तंबाखू खायला लागली?"

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मला चिडायचं होतं, पण ते दोघं पाठमोरे इतके सारखे दिसत होते, खांदे पाडलेले, एक पाय ढिला सोडलेला, की माझ्याच्याने काही बोलवेना. मी वर जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, तुमचं औषध चालतंय, पण खिशाचं काय करू? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजात घेऊन या. सांगण्यासारखं नाही, दाखवण्यासारखं आहे."

बाबा आले ते भांडायच्या तयारीने. रस्ताभर काय काय सुनवायचं त्याची उजळणी चालली होती. कॉलेजच्या मागच्या बाजूला एक लांबलचक खोली, उंच खिडक्या, भिंतींना काचेची कपाटं. डॉक्टरीणबाईंनी कुलूप काढलं, आम्ही आत गेलो आणि बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

मधोमध लाकडी चौथऱ्यावर एक घोडा उभा होता. नुसता हाडांचा. खिडकीतला उजेड त्याच्या बरगड्यांमधून आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीवर पडला होता. मी आयुष्यात एवढं देखणं काही बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं की भीती वाटेल.

बाबा त्याच्याभोवती हळूहळू फिरले. त्यांनी घोडे बाहेरून उभा जन्म बघितले होते. आतून आज पहिल्यांदाच. पुढच्या पायापाशी येऊन ते थबकले. खांद्याचं रुंद पातं एका लोखंडी सळीवर टेकवलं होतं.

"हा पाय धडाला कुठे जोडलाय?"

"कुठेच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काहीतरी गळून पडलंय तुमचं."

"नाही बाबा, नसतंच ते. आपल्याला गळ्याखाली आडवं हाड असतं, त्याने हात धडाला जोडलेला असतो. घोड्याला ते हाड नाही. दोन्हीकडे दोन पाती, आणि मधलं सगळं धड, छाती, मान, डोकं, स्नायूंच्या झोळीत टांगलेलं. म्हणून आम्हाला इथे सळी लावावी लागली."

बाबा बघतच राहिले. "पोत्यांनी भरलेली गाडी ओढते ती. चढावर. झोळीतून?"

"झोळीतून."

मी पायाचा सांधा बघत होते, तोच, जो थोरलीचा सोलवटला होता. बारीक बारीक हाडं एकमेकांत बसवलेली, नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. "हा तिचा गुडघा ना?"

"तुमचं मनगट दाखवा." मी हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट दाबून त्याखालची हाडं मला जाणवून दिली. "हेच ते. घोड्याचा पुढचा गुडघा म्हणजे मनगट. त्याच्याखाली जे आहे ते सगळं एकच बोट, मधलं. बाजूची ही दोन सुयांसारखी हाडं दिसतात? शेजारच्या बोटांचं एवढंच उरलंय."

"आणि खूर?" बाबांनी विचारलं.

"नख."

बाबांनी आपला हात वर उचलून मधलं बोट डोळ्यांसमोर धरलं. नखात पीठ होतं, ते कायमच असतं. त्या बोटाकडे आणि मग त्या घोड्याच्या पायाकडे ते आळीपाळीने बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण मी शेजारी असूनही मला काही ऐकू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून दोन कवट्या काढून टेबलावर ठेवल्या. एक बारीक, नीटस. दुसरी चांगली मोठी, गालफडं वर आलेली. "उचलून बघा."

आता पोतं उचलून त्यात किती कमी भरलंय हे सांगणं हे बाबांचं उभ्या आयुष्याचं काम. त्यांनी पहिली कवटी उचलली. जड होती, दोन्ही हात लागले. ती ठेवून ते दुसरीकडे वळले. ही मोठी म्हणून त्यांनी पाय फाकवून दम रोखून धरला, आणि उचलली तर त्यांचे हात एकदम खांद्यापर्यंत वर गेले. रिकामी टोपली उचलावी तसे.

बाबांनी ती कवटी उजेडात धरली. सुजलेल्या गालावर अंगठा फिरवला. सगळीकडे बारीक बारीक छिद्रं.

"पाव," ते शेवटी म्हणाले. "बेकरीतला पाव आहे हा."

"हो."

"हा कुणाचा होता?"

"माहीत नाही. फार जुनी आहे. पण मालकाने सांभाळलेला असणार. खाणं भरपूर होतं त्याला."

बाबांनी कवटी खाली ठेवली. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात तशी ठेवली आणि तिच्यावरून हात काढायला त्यांना वेळ लागला. "हिचं काळीज चालूच होतं ना तोवर?" त्यांनी विचारलं. थोरलीचं की त्या कवटीचं, ते कळलं नाही.

"एक ठोका चुकू दिला नाही. त्यासाठीच तर सगळं चाललं होतं."

परतताना बाबांनी फाटकाबाहेर उभं राहून कोटाचे दोन्ही खिसे उलटे केले. चिमण्या जमल्या. भांडणातलं एक वाक्यही त्यांनी उच्चारलं नव्हतं.

त्यानंतर आमची पागा म्हणजे दवाखाना झाली. चुनखडीची पूड बाबा गिरणीतल्या सगळ्यात बारीक चाळणीने चाळून घ्यायचे, तशी गरज नसताना. थोरलीला ती चव आवडेना. ती घमेल्यात फुंकर मारायची आणि बाबा पांढरेफटक होऊन बाहेर यायचे. गाडीचं काम नवऱ्याने हातगाडीवर घेतलं. "या घरात आता खेचणारा मीच," तो म्हणायचा. सुतारकाकांनी लाकडाचा भुसा पाठवला, तो आम्ही गुडघाभर अंथरला, म्हणजे कोसळली तरी मऊ पडेल.

मी वाचनालयातून घोड्याच्या हाडांचं एक जाड पुस्तक आणलं. शाळा माझी अर्धवटच झालेली, पण चित्रं होती आणि थोरली समोर उभी होती. पानावर बघायचं, मग तिच्या अंगावर चाचपायचं. कोपर सापडलं, छातीला चिकटून, मला वाटत होतं त्याहून कितीतरी वर. टाच सापडली, मागच्या पायाच्या अर्ध्यात. म्हणजे ही बाई आयुष्यभर चवड्यावर, नव्हे नखावर उभी! मागच्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या एका उंचवट्यावर कशी सरकून अडकते ते मी एका दुपारी बघितलं. कडी लावल्यासारखी. कडी लागली की पाय आपोआप ताठ राहतो, स्नायूंना सुट्टी. एका पायाला कडी, दुसरा नुसता टेकवलेला. थोड्या वेळाने अदलाबदल. इतकं सगळं त्या कातडीखाली चाललेलं असायचं आणि मी रोज सकाळी तिच्याकडे बघून म्हणत असे, काय ठोंब्यासारखी उभी आहे!

पण त्या कडीने फक्त डुलकी मिळायची. पापण्या मिटायच्या, मान खाली खाली जायची आणि अचानक पुढचे पाय मुडपायचे. ती दचकून सावरायची. प्रत्येक वेळी आमच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून "अगं!" निघायचं आणि आम्ही कान देऊन ऐकायचो, काही कडाडलं का.

लंगडणं कमी झालं. गवताचे गोळे पडायचे थांबले. डॉक्टरीणबाई येऊन दाढा हलवून गेल्या आणि म्हणाल्या, "घट्ट होतायत. पण गाल जातील असं नाही हं." बाबा म्हणाले, "राहू देत." आडवी मात्र ती काही होईना. तिचे डोळे आत गेले होते. माणसाला चार दिवस झोप नसली की तो घरच्यांवर ओरडतो. ती नुसती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

आणि मग एक दुपार. गिरणीत गर्दी होती, डब्यांची रांग दाराबाहेर गेली होती. तेवढ्यात मागून बाबांचा घोगरा आवाज आला, "अगं ये... लवकर ये!"

मी पोचले तेव्हा थोरली भुशात गोल गोल फिरत होती, नाक खाली, हुंगत. पुढचे पाय वाकले. परत सरळ झाले. पुन्हा एक फेरी. मग पुढून वाकली, मागून घसरली आणि धप्पदिशी खाली गेली. भुशाचा लोट उठला.

नवरा दोरखंड घेऊन धावत आला, मागे दोन गिऱ्हाइकं. "उचलूया! पडली!"

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. हळूच, पण असं की तिघंही जागच्या जागी थांबले. "पडली नाही. बसलीय. आपणहून बसलीय ती."

थोरलीने आमच्याकडे बघितलं. मग मान लांब केली, एका कुशीवर कलंडली आणि डोकं भुशात टेकवलं. तिच्या नाकातून एक लांब श्वास आला, इतका लांब की मला वाटलं, संपला.

"गिरणी बंद कर," बाबा नवऱ्याला म्हणाले.

भर दुपारी, रांग दारात असताना, आमची गिरणी थांबली. पट्टा फिरायचा थांबला आणि त्या शांततेत मला आधी माझेच कान वाजल्यासारखे झाले. नवऱ्याने बाहेर जाऊन काय सांगितलं कोण जाणे. कुणी तक्रार केली नाही. बेकरीवाली काकू डबा छातीशी धरून पागेच्या दाराशी येऊन उभी राहिली, शिंपीकाका तिच्या मागे. एका बाईने रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत नेलं.

बाबा दाराला टेकून खाली जमिनीवर बसले, म्हणजे तिला जाग आली तर माणसाची उंची बघून घाबरायला नको. थोरली झोपली. खरी झोप. तिच्या बरगड्या वर होत होत्या, खाली येत होत्या. मग तिचे पाय हलायला लागले, चारी पाय, हवेत, लयीत. झोपेत पळत होती ती. कुठे पळत होती? गाडी नव्हती मागे, एवढं नक्की. डोळ्यांना तांबूस कातडं दिसत होतं आणि मला मात्र त्या खोलीतला उजेड आरपार गेलेला घोडा दिसत होता. तो धावत होता, कुठेही न जोडलेल्या पायांनी.

खिडकीतलं ऊन तिच्या पाठीवरून मानेवर सरकलं, तेव्हा तिने डोकं उचललं.

आता कुणी श्वासही घेईना. तिने पोटावर वळून एक पुढचा पाय पसरला, मग दुसरा. मान मागे घेतली, झोका दिला. छाती वर आली, मागचा भाग थरथरला आणि ती कुत्र्यासारखी अर्धी बसलेली राहिली. दोन्ही पुढचे पाय ताठ. सगळं वजन त्यांच्यावर. ती नळ्यांसारखी हाडं, ज्यांतून कुणास ठाऊक किती चुना गेला होता आणि किती परत आला होता. ती परत खाली आदळली.

काकूच्या तोंडून एक आवाज निघाला. बाबांनी तिकडे न बघता हात वर केला.

थोरली जरा पडून राहिली. धापा टाकत होती. मग तिने पुढचे खूर पुन्हा भुशात खाली खाली रुतवले, खालची फरशी लागेपर्यंत. मला नखं फरशीवर टेकल्याचा आवाज आला. दोन बोटांची दोन नखं. त्यांच्यावर तिने मनगटं ताठ केली आणि मधलं ते सगळं धड, मान, सुजलेले गाल, इतक्या वर्षांची ओढलेली पोती, सगळं त्या झोळीतून वर आलं, वर येतच राहिलं. मागच्या पायांनी एक जोराचा रेटा दिला.

उभी. चारी पाय खाली, काहीही न कडाडता.

तिने अंग झाडलं, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत भुसा गेला, आणि मग पाय फाकवून ती मनसोक्त, दूरवर उडेल अशी मुतली. काकू मागे सरकत हसायला लागली. हसता हसता पदराने डोळे पुसत होती, भुशाचं निमित्त.

"धाकटे," बाबांनी खालूनच हाक मारली. ते अजून बसलेलेच होते. "एक हात दे गं. मघापासून उठायला बघतोय. माझंच जमत नाहीये."

नवऱ्याने एक बगल धरली, मी दुसरी.

"आधी पुढचे पाय टाका बाबा," मी म्हटलं.

ते हसायला लागले, आणि हसू थांबेना म्हणून त्यांना उचलताही येईना. आम्ही तिघं तसेच ओल्या भुशात अडकून राहिलो. थोरली मान वळवून बघत होती आणि दारातून शिंपीकाका विचारत होते की आता दळण सुरू होणार आहे, का घरी जाऊन यावं.